हाताचा हुन्नर आणि हाताची तालीम

'शॅम्पू' हा शब्द कानावर पडला की आज आपल्या डोळ्यांपुढे केस धुण्याची बाटली उभी राहते. परंतु अठराव्या शतकात हा शब्द इंग्रजी भाषेत शिरला, तेव्हा त्याचा केसांशी काडीचाही संबंध नव्हता. हिंदुस्थानीत 'चाँपना' म्हणजे दाबणे, मळणे. त्याचे आज्ञार्थी रूप 'चाँपो', आणि त्यावरून इंग्रजांनी 'शॅम्पू' केले. आपल्या मराठीतले 'चेपणे' अर्थाने आणि आवाजाने त्याच्या किती जवळचे आहे पाहा. दिवसभराच्या श्रमाने थकलेल्या आजीचे पाय चेपून देणारे नातवंड जे करते, त्यालाच त्या काळचे इंग्रज 'शॅम्पूइंग' म्हणत. केस धुणे हा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिकटला आणि मूळ अर्थ हळूहळू विसरला गेला.

हा मूळ अर्थ इंग्लंडात घरोघरी पोहोचवणारा मनुष्य पाटण्याचा होता आणि त्याचे नाव शेख दीन मुहम्मद असे होते. त्याची हकिकत मनोरंजक आहेच. पण ती येथे सांगण्याचे कारण मनोरंजन नव्हे. आपल्या समाजात मुलाने किंवा मुलीने डॉक्टर व्हावे असे पुष्कळ पालकांना वाटते आणि ते योग्यच आहे. परंतु एखादी हुशार मुलगी 'मला फिजिओथेरपी शिकायची आहे' असे म्हणाली, तर घरातून पहिला प्रश्न येतो, "म्हणजे मालिशच ना?" या प्रश्नात जी नापसंती दडलेली असते, तिचा इतिहास जुना आहे. हाताने दुखणे बरे करण्याचे काम आपल्याकडे हजारो वर्षे चालले, पण ते करणाऱ्याला मान क्वचितच मिळाला. असे का झाले आणि ते कोठे बदलले, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम जुन्या ग्रंथांकडे वळू. इब्न सीना (इ.स. 980 ते 1037) यांचा 'अल-कानून' हा वैद्यकग्रंथ बाराव्या शतकात लॅटिन भाषेत गेला आणि पुढे कित्येक शतके युरोपच्या विद्यापीठांत शिकवला गेला, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. त्या ग्रंथात व्यायामाबरोबर मर्दनाचेही विवेचन आहे. अरबीत मर्दनाला 'दल्क' म्हणतात. जोराच्या मर्दनाने शरीर घट्ट होते, हलक्या मर्दनाने सैल व मऊ होते, फार वेळ केल्याने शरीर झडते आणि बेताने केल्यास भरते, असे त्याचे चार परिणाम तेथे सांगितले आहेत. हा विचार मूळचा ग्रीकांचा. हिप्पोक्रॅटिस आणि गॅलेन यांच्या परंपरेतून तो अरबी वैद्यकात आला. इब्न सीना यांनी व्यायामापूर्वीचे मर्दन निराळे आणि व्यायामानंतरचे निराळे, असाही भेद केला आहे. आज खेळाडूंचे प्रशिक्षक जवळजवळ तीच विभागणी करतात. युनानी वैद्यकात 'इलाज बित्-तदबीर' नावाची एक स्वतंत्र शाखा आहे. तीत औषधापेक्षा व्यायाम, मर्दन, हमाम यांसारख्या उपायांवर भर असतो.

म्हणजे विद्वानांनी मर्दनाला ग्रंथात जागा दिली होती. प्रत्यक्षात मात्र काम कोणाकडे गेले? हमामातल्या नोकराकडे, न्हाव्याकडे, आखाड्यातल्या वस्तादाकडे आणि बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या बाईकडे. हकीमसाहेब नाडी पाहात, नुस्खा लिहीत. अंगाला हात लावण्याचे काम दुसऱ्याचे. ज्याच्याकडे ग्रंथ होता त्याच्याकडे हात नव्हता, आणि ज्याच्याकडे हात होता त्याला अक्षरओळख नव्हती. मुरगळलेला पाय बसवणारा पहिलवान आपली विद्या मुलाला किंवा आवडत्या शागिर्दाला देई. शागिर्द चांगला निघाला तर विद्या टिके, नाहीतर वस्तादाबरोबर मातीत जाई. येथे एका शब्दाची गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. 'तालीम' हा अरबी शब्द उर्दूत शिक्षण या अर्थाने चालतो; तोच मराठीत आला आणि कुस्तीचा आखाडा झाला. एकाच शब्दाने पुस्तकही दाखवावे आणि लाल मातीही, हा योगायोग आपल्या विषयाला फार शोभतो.

आता दीन मुहम्मद यांच्याकडे वळू.

त्यांचा जन्म 1759 साली पाटण्यास झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत होते आणि 1769 साली लढाईत मारले गेले. दहा-अकरा वर्षांचा हा पोरका मुलगा गॉडफ्रे बेकर नावाच्या आयरिश अधिकाऱ्याच्या आश्रयाने फौजेबरोबर फिरू लागला, आणि पुढे स्वतः सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत चढला. 1782 साली बेकरने नोकरी सोडली, तेव्हा दीन मुहम्मद यांनीही सोडली आणि 1784 साली ते बेकरच्या पाठोपाठ आयर्लंडमधील कॉर्क शहरी पोहोचले. तेथे ते इंग्रजी शिकले. जेन डेली नावाच्या आयरिश मुलीशी त्यांनी 1786 साली पळून जाऊन लग्न केले आणि ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ही गोष्ट लपवून त्यांना केवळ 'आपला माणूस' म्हणून मिरवणे इतिहासाला धरून होणार नाही. नाव मात्र त्यांनी शेवटपर्यंत शेख दीन मुहम्मद हेच ठेवले.

1794 साली त्यांनी आपले प्रवासवर्णन इंग्रजीत प्रसिद्ध केले. हिंदी मनुष्याने इंग्रजीत लिहून छापलेले हे पहिले पुस्तक मानले जाते. पुढे 1799 साली लखनौचे मिर्झा अबू तालिब खान युरोपच्या प्रवासात कॉर्कला गेले, तेव्हा त्यांची व दीन मुहम्मद यांची भेट झाली आणि मिर्झासाहेबांनी आपल्या फारसी सफरनाम्यात तिची नोंद केली.

1807 च्या सुमारास हे कुटुंब लंडनला आले. तेथे बेझिल कॉक्रन या धनाढ्य गृहस्थाने लोकांसाठी वाफेचे स्नानगृह काढले होते. तेथे दीन मुहम्मद यांनी काम केले आणि वाफेला 'शॅम्पूइंग'ची जोड दिली. पुढे 1810 साली त्यांनी लंडनमध्ये 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' काढले. हुक्का आणि हिंदी पद्धतीचे जेवण ही त्याची वैशिष्ट्ये होती. लंडनमधले हिंदी माणसाने चालवलेले हे पहिले भोजनगृह म्हणतात. पण खर्च झेपला नाही आणि 1812 साली दिवाळे निघाले. पन्नाशी उलटलेली, पदरी मुलेबाळे, आणि वर्तमानपत्रात 'नोकरी पाहिजे' अशी जाहिरात देण्याची पाळी! दुसरा कोणी असता तर खचला असता.

1814 साली ते ब्रायटनला गेले. त्या वेळी ब्रायटन हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे हौशी धनिकांचे गाव झाले होते. समुद्राच्या पाण्याने प्रकृती सुधारते अशी समजूत तेथल्या एका डॉक्टरने पूर्वीच पसरवली होती. खुद्द युवराजाने, म्हणजे पुढच्या चौथ्या जॉर्ज राजाने, तेथे घुमट आणि मिनारांचा हिंदी थाटाचा महाल उठवायला घेतला होता. (हाच महाल पहिल्या महायुद्धात 1914 पासून जखमी हिंदी शिपायांचे रुग्णालय झाला.) अशा गावात संधिवाताने, कमरेच्या कळांनी, अर्धांगाने आणि जुन्या लचकांनी हैराण झालेल्या श्रीमंतांना तोटा नव्हता. दीन मुहम्मद यांनी प्रथम लहान जागेत आणि 1821 पासून समुद्रकाठच्या प्रशस्त इमारतीत आपला हमाम चालवला.

पद्धत कशी होती, हे मुळातून समजून घेण्यासारखे आहे. रोग्याला प्रथम वनस्पती घातलेल्या वाफेत बसवीत. त्याला घाम सुटला की फ्लॅनेलच्या कापडाच्या एका तंबूवजा आवरणात घेत. त्या कापडाला बाहेरून बाह्या शिवलेल्या असत. मर्दन करणारा बाहेर उभा राही आणि त्या बाह्यांत हात घालून आतल्या माणसाचे सांधे व स्नायू दाबी, मळी, ताणी. त्यामुळे वाफ सुटत नसे, अंगाला वारा लागत नसे आणि रोग्याची लाजही राखली जाई. बायकांसाठी स्वतंत्र विभाग होता आणि त्याची व्यवस्था जेन पाहात असे. स्त्रियांकरिता स्त्रीची देखरेख आणि अब्रूची काळजी या गोष्टींचे महत्त्व आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

ज्या समाजात अंगाला परक्याने हात लावणे असभ्य समजले जाई, तेथे एक काळा परदेशी मनुष्य लॉर्ड आणि लेडींच्या दुखऱ्या गुडघ्यांवर इलाज करू म्हणतो, याची प्रथम टर उडाली नसती तरच नवल. नवी गोष्ट मांडणाऱ्याच्या वाट्याला उपहास आणि तिरस्कार कसे येतात, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पण गुण येऊ लागला तसे लोक येऊ लागले. बरे झालेल्या रोग्यांनी मागे ठेवलेल्या कुबड्या हमामाच्या भिंतीवर लटकत. रोगी वहीत आभाराचे शेरे लिहीत, काही तर कविताही करीत. डॉक्टरसुद्धा आपले रोगी त्यांच्याकडे पाठवू लागले. चौथा जॉर्ज आणि त्यानंतरचा चौथा विल्यम या दोन्ही राजांनी त्यांना आपला 'शॅम्पूइंग सर्जन' नेमले. या कामाविषयी त्यांनी 1822 साली पुस्तक काढले आणि त्यात बऱ्या झालेल्या रोग्यांच्या हकिकती दिल्या.

याच पुस्तकात एक गोष्ट आहे, जिच्याकडे डोळेझाक करता येत नाही. दीन मुहम्मद यांनी आपला जन्म 1749 साली झाला असे त्यात लिहिले आणि आपण वैद्यकाचे शिक्षण घेतल्याचेही सांगितले. त्यांच्याच पहिल्या पुस्तकातील हकिकतीशी हे जुळत नाही. वयात दहा वर्षे वाढवली, कारण ज्या काळात ते फौजेच्या छावणीत होते त्या काळाच्या आधी शिक्षणाला जागा करून देणे भाग होते. ब्रायटनच्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्यांच्या थडग्यावरही मृत्यूसमयी वय 101 असे कोरले आहे; प्रत्यक्षात ते 91 वर्षांचे होते. हा खोटेपणा आहे, हे उघड आहे. पण तो त्यांनी कशासाठी केला, हेही पाहिले पाहिजे. हात उत्तम होता, गुण येत होता, दोन राजे रोगी म्हणून मिळाले होते. तरीसुद्धा केवळ हाताच्या बळावर सर्जनांच्या पंक्तीत बसता येत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. जी तालीम मिळाली नव्हती ती कागदावर उभी करावी लागली. त्यांच्या सर्व आयुष्यात मला सर्वांत बोचणारी गोष्ट कोणती वाटत असेल तर ही.

पुढे काय झाले? नफा दिसताच त्यांची नक्कल करणारे हमाम निघाले. वाफ कोणालाही करता येते आणि 'शॅम्पूइंग' अशी पाटीही कोणालाही लावता येते. खरा कारागीर कोण आणि भोंदू कोण, हे ओळखण्याचे साधन रोग्याजवळ नव्हते. कारण या कामाची ना शाळा होती, ना परीक्षा, ना दाखला. इमारतीची मालकी भागीदाराची होती. भागीदार वारल्यावर लिलाव झाला आणि म्हातारपणी दीन मुहम्मद यांच्या हातून ती इमारत गेली. 1850 च्या डिसेंबरात जेन गेली आणि दोन महिन्यांनी, 24 फेब्रुवारी 1851 रोजी, तेही गेले. एक मुलगा लंडनमध्ये हमाम चालवीत होता, दुसरा ब्रायटनला तलवारबाजी व कसरत शिकवीत होता. पण पद्धत अशी काही मागे राहिली नाही. राहिला तो शब्द, आणि तोही पुढे केसांना लागला.

कुटुंबाची खरी कमाई तिसऱ्या पिढीत दिसते. कसरत शिकवणाऱ्या मुलाचा मुलगा फ्रेडरिक अकबर महोमेद 1849 साली जन्मला. तो लंडनच्या गायज हॉस्पिटलात वैद्यक शिकला. विद्यार्थी असतानाच त्याने नाडीचा आलेख काढणाऱ्या यंत्रात सुधारणा केली. मूत्रपिंडाचा विकार नसतानाही रक्तदाब वाढलेला असू शकतो, हे ज्यांनी प्रथम दाखवले त्यांत त्याची गणना होते. देशभरातल्या डॉक्टरांकडून एकाच नमुन्यावर रोग्यांच्या नोंदी गोळा करण्याच्या मोठ्या कामातही तो पुढे होता. 1884 साली टायफॉइडने वयाच्या अवघ्या 35 व्या वर्षी तो वारला. आजोबांनी बऱ्या झालेल्यांच्याच हकिकती छापल्या. नातवाने बरे झाले, न झाले, सगळ्यांची नोंद मागितली. आजोबांच्या बोटांना जे कळत होते ते बोटांबरोबर गेले, आणि नातवाने जे कागदावर उतरवले ते आजही अभ्यासले जाते.

असेच दुसरे उदाहरण त्याच देशातले आहे, म्हणून ते येथेच सांगतो. वेल्सच्या अँगलसी बेटावर हाड बसवणाऱ्यांचे एक घराणे होते. आपल्याकडच्या हाडवैद्यांसारखेच ते पिढ्यानुपिढ्या विद्या चालवीत. त्या घराण्यातले इव्हान थॉमस लिव्हरपूलला आले आणि गोदीकामगारांत त्यांचे नाव झाले. पण पदवीधर डॉक्टर त्यांना भोंदू ठरवून पुन्हा पुन्हा कोर्टकचेऱ्यांत ओढीत. या गृहस्थाने काय करावे? त्याने आपल्या पाचही मुलांना वैद्यकीय शिक्षण दिले. थोरला ह्यू ओवेन थॉमस (1834 ते 1891) अस्थिचिकित्सेतला एवढा मोठा माणूस झाला की मांडीच्या हाडासाठी त्याने बनवलेली आधारपट्टी 'थॉमस स्प्लिंट' या नावाने जगभर गेली. पहिल्या महायुद्धात तिने असंख्य शिपायांचे प्राण वाचवले. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांतही ती पाहायला मिळते. बापाचा हुन्नर मुलाच्या हातात होताच. पण मुलाने त्यावर पुस्तके लिहिली, आणि म्हणून दुसऱ्याच्या मुलालाही तो शिकता आला.

आता मर्दनाच्या इतिहासाचा पुढचा टप्पा. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी 1813 साली स्टॉकहोमला कसरतीची सरकारी संस्था काढली. तेथे निरोग्यांसाठी व्यायाम आणि रोग्यांसाठी हाताने करावयाच्या हालचाली, दोन्हींचे रीतसर शिक्षण मिळे. हॉलंडात मेझगर नावाच्या डॉक्टरने 1868 साली मुरगळलेल्या पायाचा मर्दनाने इलाज याच विषयावर प्रबंध लिहिला. दीन मुहम्मद ब्रायटनला आले त्याच्या एकच वर्ष आधी लिंग यांची संस्था निघाली, हे ध्यानात घ्या. हात दोघांकडेही होता. लिंग यांच्या संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्यांनी ती पद्धत देशोदेशी नेली.

तरीही लोकांच्या मनातला संशय गेला नव्हता. 1894 साली इंग्लंडच्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने लंडनमधल्या मालिशच्या दुकानांवर झोड उठवली. मालिशच्या नावाखाली अनाचार चालतो, असा त्याचा रोख होता. यात तथ्य होते, पण त्यामुळे प्रामाणिकपणे हे काम करणाऱ्या परिचारिका आणि सुईणींची मान खाली गेली. अशा वेळी माणसे एक तर धंदा सोडतात, नाहीतर रागावून बसतात. रोझलिंड पॅजेट, लूसी रॉबिन्सन, एलिझाबेथ मॅनली आणि मार्गारेट पामर या चार बायकांनी तिसरा मार्ग धरला. त्यांनी त्याच वर्षी शिकलेल्या मर्दनकर्त्या स्त्रियांची संस्था स्थापन केली. शरीररचनेचा अभ्यास केल्याशिवाय आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय दाखला नाही, डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय रोगी घ्यायचा नाही, बाजारी जाहिरात करायची नाही, असे कडक नियम केले. नियम इतके कडक की आज वाचताना हसू येते. पण त्या नियमांनीच त्यांना वाचवले. 1914 साली महायुद्ध पेटले, तेव्हा जखमी शिपायांच्या आखडलेल्या हातापायांसाठी शिकलेले हात तयार होते. 1920 साली संस्थेला राजाची सनद मिळाली आणि 1944 साली तिच्या नावात 'फिजिओथेरपी' हा शब्द आला. दीन मुहम्मद यांना दोन राजांनी दिलेला मान त्यांच्याबरोबर संपला; या चौघींनी मिळवलेला मान संस्थेच्या नावे होता, म्हणून तो पुढच्या मुलींना वापरता आला.

आपल्या मुंबईत ही विद्या आली ती राजेरजवाड्यांच्या संधिवातासाठी नव्हे, तर गरिबांच्या लेकरांसाठी. 1952 साली मुंबईत पोलिओची साथ आली. ताप उतरल्यावर मुलांचे पाय लुळे राहात. पोलिओवर त्या वेळी लस नव्हती आणि गेलेली शक्ती परत आणणारे औषध तर आजही नाही. जे स्नायू थोडेफार शाबूत आहेत त्यांना दिवसामागून दिवस हाताने हलवून, व्यायाम देऊन कामाला लावणे आणि सांधे आखडू न देणे, एवढाच उपाय होता. असे शिकलेले हात आपल्याकडे नव्हते. म्हणून 1953 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने परळच्या के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा निघाली. ही देशातली पहिली. पाठोपाठ 1955 साली, संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने, हाजी अलीजवळ अपंगांच्या पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. हाजी अलीच्या दर्ग्यावर जाताना आपण सर्वजण त्या बाजूने गेलेलो असतो. त्या फाटकाकडे किती जणांचे लक्ष गेले असेल, कोण जाणे. पुढे लसीने पोलिओ हटवला आणि 2014 साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण तोवर हे शिक्षण देशभर पसरले होते आणि अपघात, पक्षाघात, गुडघेदुखी, कंबरदुखी अशी त्याची नवी कामे वाढली होती.

आणि आता मूळ प्रश्न. "म्हणजे मालिशच ना?" याचे उत्तर आजच्या शास्त्राच्या आधारे द्यायचे तर असे द्यावे लागेल: मालिश हा त्यातला एक लहान भाग आहे. हाताने दाबल्या-मळल्याने दुखणे कमी होते हे खरे, पण तो आराम बहुधा काही दिवसांपुरता असतो. मर्दनाने अंगातले विष बाहेर पडते किंवा सरकलेले मणके जागेवर बसतात, असे जे सांगितले जाते त्याला आधार नाही. दाबाने आणि हालचालीने मज्जातंतूंची वेदनेची जाणीव तेवढ्यापुरती मवाळ होते, स्नायू सैल पडतात, आणि त्या अवधीत रोग्याकडून व्यायाम करून घेता येतो. खरा टिकाऊ फायदा त्या व्यायामाचा. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसंस्थेने 2016 साली कंबरदुखीसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत हाताचा उपचार सुचवला आहे, पण व्यायामाबरोबरच, एकटा नाही. गुडघ्याच्या झिजेतही मांडीच्या स्नायूंची ताकद वाढवणे हाच पहिला इलाज मानतात. व्यायाम आणि मर्दन यांचा विचार इब्न सीना यांनी एकत्र केला होता, त्याची येथे आठवण होते.

हाड मोडल्याचा संशय असताना त्या जागी मालिश करवून घेणे, किंवा तिथे कामट्यांची आवळपट्टी बांधून घेणे, फार धोक्याचे आहे. घट्ट पट्टीने रक्तपुरवठा थांबतो, स्नायू मरतात आणि हात कायमचा वाकडा होतो. या विकाराचे वर्णन फोल्कमान या जर्मन सर्जनने 1881 साली केले. तरीही आजतागायत आपल्या रुग्णालयांत अशी मुले येतात आणि काहींचे हात कापावे लागतात. बोटे सुजून निळसर पडली, बधिर झाली किंवा बोटे सरळ करताना असह्य कळ आली, तर पट्टी बांधणारा कितीही नावाजलेला असो, पट्टी ताबडतोब सोडून रुग्णालय गाठावे. हाडवैद्याचा अपमान करण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांतल्या काहींची बोटे खरोखर हुशार असतात. पण चामडीच्या आत काय तुटले आहे, हे बोटाला दिसत नाही; ते क्ष-किरणाच्या चित्रात दिसते.

फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमात शरीररचना, शरीरक्रिया आणि रोगांचे ज्ञान हे विषय येतात. बारावीला विज्ञान शाखा आणि त्यात जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला त्याची वाट खुली आहे. 2021 साली संसदेने आरोग्यक्षेत्रातील अशा सहयोगी व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात फिजिओथेरपीचा समावेश आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पक्षाघातानंतर पुन्हा पावले टाकायला शिकवणे, बाळंतपणानंतर आईची कंबर सावरणे, ही कामे करायला बायकांमध्ये शिकलेल्या बाईचीच मागणी अधिक असते. ब्रायटनच्या हमामात ती जागा जेनने सांभाळली. तिच्यापाशी दाखला नव्हता, आणि तो देणारे कोणी तेव्हा नव्हते. आपल्या मुलींना तो परळला मिळतो आणि राज्यातल्या इतर अनेक शहरांतही मिळतो.